गोव्याचं घर आणि आपलं गळकं माळवद

मागच्या अंकात मी चांदरच्या घराबद्दल दोन पानं लिहिली आणि फसलो. वाटलं दोन-चार जण छान म्हणतील, विषय मिटेल, तर तेव्हापासून फोनवर निस्ते वाड्यांचे फोटो यायलेत, कुणाची भिंत फुगलीय, कुणाच्या तुळईला वाळवी लागलीय, एका ताईनं माळवदावर (म्हणजे वाड्याच्या मातीच्या सपाट छतावर) उगवलेल्या पिंपळाचा फोटो पाठवलाय आणि खाली एवढंच लिहिलंय, 'काका हे उपटू का'. नका उपटू ताई, उपटलं की निम्मं माळवद हातात येईल, बुडाशी कापा, फुटवा आला की परत कापा, कंटाळा येईपर्यंत. तर यावेळी सदराची सगळी जागा वाड्यांनाच.

ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दक्षिण गोव्यात सासष्टी तालुक्यात, मडगावहून दहा-पंधरा किलोमीटरवर चांदर गाव आहे, तिथं चौकाची एक पूर्ण बाजू अडवून बसलेलं एक लांबच लांब दुमजली घर आहे, सतराव्या शतकात सुरू झालेलं आणि पुढं वाढवत नेलेलं. घर एक पण वाटण्या दोन, पूर्वेकडच्या अंगाला ब्रागांझा परेरा, पश्चिमेकडं मिनेझिस ब्रागांझा. पोर्तुगीज सरकारवर टीका करणारे पत्रकार लुईस दि मिनेझिस ब्रागांझा (१८७८ ते १९३८) याच घरातले. गोव्यातलं पहिलं दैनिक 'ओ हेराल्दो' १९०० साली निघालं त्यात यांचा हात होता आणि पणजीतली इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा त्यांच्याच नावाची. घरात पाचेक हजार पुस्तकं, काचेची झुंबरं, चिनी मातीची भांडी, आणि मुख्य म्हणजे घरात अजून घरचीच माणसं राहतात. समुद्र तिथून दिसत नाही बरं का, पण हवा सगळी समुद्राचीच.

'काका, दिवाळीत आम्ही फॅमिलीसोबत गोव्याला गेलतो तवा मिसेसच्या हट्टानं ते चांदरचं घर बगितलं होतं, तुमचा लेख वाचून परत आठवलं. आमचा वाडा पणजोबानं बांधलेला आहे, बावीस खणाचा (खण म्हणजे दोन खांबांमधला गाळा), ढेळज (दारातली बसायची ओसरी) दगडी, चौकात आड आहे, पण आम्ही चार भाऊ चार गावाला, वाड्यात कुणीच राहत नाही. मिसेस म्हणती आपण बी डागडुजी करून तिकीट लावून दाखवू, वर मंगळूरी कौलं टाकली तर गोव्यासारखं दिसंल. होईल का हे, आणि खर्च अंदाजे किती?' (एक वाचक, अंबाजोगाई तालुका)

आधी वहिनींना माझा नमस्कार सांगा, कारण पाडून आरसीसी टाकू असं न म्हणणारी माणसं आता मोजकीच राहिलीत. फोटोवरून खर्चाचा आकडा सांगणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाजून वाटंला लावा, मी बी सांगणार नाही.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाहीये ती विचारतो. वाड्यामागं जमीन किती होती आणि आता किती राहिलीय? कारण असलं घर एकटं कधीच उभं नसतं, ते जमिनीवर चालतं. गोव्यातल्या भाटकारांच्या म्हणजे जमीनदारांच्या घरांना भाताच्या खाचरांचं, नारळाच्या बागांचं उत्पन्न असायचं. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, १९६४ ला तिथं कूळ कायदा आला, १९७६ च्या दुरुस्तीनं कसणाराला जमीन मिळाली, आणि ती मिळायलाच पाहिजे होती, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण दर पावसाळ्याआधी कौलं फिरवायचा जो पैसा खंडातून निघायचा तो बंद झाला, घर तेवढंच मोठं राहिलं. आपल्याकडं हेच बारा-पंधरा वर्षं आधी घडलं. १९४८ ची पोलीस ॲक्शन, १९४९ ला जहागिरी खालसा, १९५० चा हैदराबाद राज्याचा कूळ कायदा. तुमच्या पणजोबांनी बावीस खण उभे केले तेव्हा माळवदावर माती चढवायला गडी होते, त्यांना वर्षाचं धान्य घरच्या बळदातून जायचं. आता बळद मोकळं, गडी सुरतेला नाहीतर पुण्याला, आणि तुमच्यापैकी एकाला सुट्टी काढून यावं लागतं कुलूप उघडायला.

चांदरला यातून काय मार्ग काढला तर काही लई हुशारीचा नाही. माणसं घरात राहिली. येणाऱ्याला घर दाखवलं, जाताना पेटीत पैसे टाका म्हणाले. त्या पैशातून घर नव्यासारखं होत नाही आणि झालेलंही नाही, तुम्ही नीट बघितलं असेल तर काही ठिकाणी रंग उडालेला, लाकूड थकलेलं दिसलं असेल. मला तर तेच आवडलं. घर वापरातलं वाटतं. पण तिथं दारात टुरिस्ट आपोआप येतो, गोव्याला आलेला माणूस एक दिवस चर्च आणि जुनी घरं करतोच. तुमच्या गावात तिकीट काढून ढेळज बघायला कोण येणार, रागावू नका, पण पहिल्या महिन्यात पाहुणे येतील फुकट आणि दुसऱ्या महिन्यात तेही नाही.

मात्र अंबाजोगाई म्हणल्यावर माझ्या डोक्यात एक वेगळंच आलं. योगेश्वरी ही कोकणातल्या कितीतरी घराण्यांची, चित्पावनांची तर नक्कीच, कुलदेवी. म्हणजे समुद्रकाठची माणसं मुलाचं लग्न झालं की तुमच्या तालुक्यात येतातच, तुम्ही जाहिरात करा नका करू. देवीचं करून, मुकुंदराजांच्या समाधीला जाऊन संध्याकाळी ती राहतात कुठं तर लॉजवर, आणि लॉजबद्दल काय बोलतात ते तुम्ही ऐकलं असेल. सरकारच्या पर्यटन खात्याची निवास-न्याहारी योजना आहे, कोकणात लोकांनी ती भरपूर वापरली, घरातल्या थोड्या खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, सकाळी नाश्ता द्यायचा. तुमच्या बावीस खणातले चार खण नीट करा. चारच. ढेळज, तिला लागून असलेला एक सोपा, एक स्वच्छ संडास-बाथरूम (हे वाड्याच्या बाहेरच्या अंगाला, जुन्या भिंतीत पाइप घुसवू नका), आणि सकाळी ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. ज्याला वाडा बघायचाय त्याला बाकीचे अठरा खण दाखवा, आतून धोक्याचे असतील तर बाहेरून दाखवा. पण ही भाकरी कोण करणार हे आधी चौघा भावांत ठरवा, कारण हे काम कुलूप लावून चार गावाला राहून होत नाही. गावातच राहणारं एखादं जोडपं ठेवलं तर त्यांना पगार किती, वाडा कुणाचा, पैसे कुणाच्या खात्यात, सगळं कागदावर.

आता कौलांचं. नका टाकू. मंगळूरी कौल हे समुद्रकाठच्या पावसाचं औषध आहे, बासेल मिशननं १८६५ ला मंगळूरात कारखाना काढला आणि ते सगळ्या किनाऱ्यावर पसरलं. गोव्यात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथं उतरतं छप्पर नसेल तर घर भाद्रपदापर्यंतसुद्धा टिकायचं नाही. आपल्याकडं सातशेच्या आसपास पडतो, तोही मनाला येईल तेव्हा, आणि उन्हाळा बेचाळीस डिग्रीचा. म्हणून आपल्या जुन्या माणसांनी वर सपाट माळवद केलं, जाड मातीखाली दुपारी गार लागतं, रात्री वर जाऊन झोपता येतं, पापड-कुरडया वाळवता येतात. कौलाचं उतरतं छप्पर भिंतीला बाहेर ढकलतं, तुमच्या भिंती त्यासाठी बांधलेल्याच नाहीत. चांदरच्या घराकडून घ्यायचंच असेल तर वेगळं घ्या. गोव्याच्या जुन्या घरांना पुढं बाकं असलेला ओटा असतो, बाल्कांव म्हणतात त्याला, संध्याकाळी घरची माणसं तिथं बसतात आणि जाणारा-येणारा दोन शब्द बोलून जातो. म्हणजे आपली ढेळजच की. तुमच्या ढेळजेत आता काय आहे ते फोटोत दिसलं मला, खताच्या गोण्या आणि मोडका कूलर. ते आधी काढा, त्याला खर्च येत नाही.

'नमस्कार काका, मी पुण्यात जॉब करते, गाव लातूर जिल्ह्यात. आजी ९३ च्या भूकंपापासून वाड्यात झोपत नाही, अंगणात पत्र्याच्या खोलीत झोपते. बाबा म्हणतात वाडा पिढ्यांचा आहे, भूकंपात पण पडला नाही म्हणजे मजबूत आहे, उगी घाबरायचं कारण नाही. दोघांची रोज भांडणं. बरोबर कोण?'

आजी. बाबांना हे पान वाचून दाखवा.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन आटोपून लोक दमून झोपलेले. किल्लारी, सास्तूर आणि त्या पट्ट्यातली गावं, जवळपास दहा हजार माणसं गेली. जगात त्याहून मोठे भूकंप झालेत आणि माणसं कमी मेलीत, इथं एवढी का मेली तर घरामुळं. दोन-तीन फूट जाडीची भिंत बघून आपल्याला वाटतं किल्ला आहे, पण ती भिंत एक नसते, दोन असतात. आतल्या बाजूला दगडाची एक रांग, बाहेरच्या बाजूला एक, मधी गोटे आणि माती भरलेली, आणि दोघींना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी घातलेलाच नसतो. हादरा बसला की दोन्ही रांगा एकमेकीपासून फाकतात, मधली माती खाली बसते, भिंत पोट फुगल्यासारखी होऊन फुटते. आणि मग वरचं माळवद येतं.

त्या माळवदाचं वजन कुणी काढत नाही म्हणून इथं काढून दाखवतो. एक घनफूट माती साधारण पंचेचाळीस किलो, ओली असेल तर जास्त. दहा बाय दहाची खोली, वर एक फूट माती, म्हणजे शंभर घनफूट, झाले साडेचार टन. आणि एक फुटावर कुणाचं थांबलंय. दर वर्षी मृगाआधी गळती थांबवायला वर नवी माती टाकायची, जुनी काढायची कुणी नाही, दोन पिढ्यांत दोन फूट सहज होतं. नऊ टन डोक्यावर घेऊन बाबा झोपायलेत. तुमचा वाडा ९३ ला पडला नाही याचा अर्थ एवढाच की त्या रात्री तिथपर्यंत हादरा कमी पोचला, भिंत आतून सैल झाली असेल तर ते बाहेरून दिसत नाही.

आता करायचं काय, कारण वाडा पाडा असं मी म्हणत नाहीये. भूकंपानंतर घरं मजबूत करायचा मोठा कार्यक्रम झाला तेव्हा जे उपाय सांगितले गेले ते अजूनही तेच आहेत. पहिलं काम, वरची फालतू माती उतरवा. पार लाकडापर्यंत जाऊन बघा, किलचं (तुळयांवरच्या बारीक लाकडी पट्ट्या) सडली असतील ती बदला, मग पातळ थर परत द्या. दुसरं, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून सळई घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन रांगा एकमेकीला शिवल्या जातात. भोक पाडताना हातानं दगड सैल करून काढायचा, ब्रेकर लावायचा नाही, ब्रेकर लावणाऱ्या मिस्त्रीला तिथूनच परत पाठवा. तिसरं, खांब आणि तुळई जिथं भेटतात तिथं तिरका लाकडी आधार द्यायचा. आपल्या खणाच्या घरात ही चांगली गोष्ट आहे की माळवदाचा भार खांबांवर असतो. ९३ मधी काही ठिकाणी भिंती पडल्या पण खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला, आतली माणसं वाचली. चौथं, भिंतींना वरून चारी बाजूंनी बांधून टाकणारा पट्टा, हे मात्र इंजिनिअरला विचारूनच, आणि ज्यानं दगड-मातीच्या घराचं काम केलंय अशालाच विचारा.

आणखी एक, हे तुम्ही स्वतः करू शकता. भिंतीत गेलेलं तुळईचं टोक शोधा आणि त्यात स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. माझ्या चुलतभावाच्या वाड्यात आम्ही असंच केलं, सागाची तुळई, वरून बघावं तर अजून कातीव रेषा ठळक, हात फिरवला तर गुळगुळीत, आणि टोकाला स्क्रू ड्रायव्हर लावला तर पिकल्या केळात गेल्यासारखा मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर टोकाला ओला भुसा. त्या तुळईखाली त्याची पोरं कॅरम खेळत होती. टोक सडलं असेल तर अख्खी तुळई बदलायची गरज नसते, सडका भाग कापून नवा तुकडा जोडता येतो किंवा खाली नवा खांब देता येतो, पण तोवर त्या खोलीत कुणी बसायचं नाही.

हे सगळं होईपर्यंत आजीला पत्र्याच्या खोलीत झोपू द्या. उन्हाळ्यात तिथं लई तापत असणार, वर पाचटाचा थर किंवा पांढरा रंग द्या.

'पैठणला जुना वाडा आहे. भिंतीचा पोपडा निघायलाय, ओल चढायलीय. गुत्तेदार म्हणतो सिमेंटचं प्लास्टर मारतो, पन्नास वर्षं बघायचं काम नाही. मारू का?'

मी मारलं होतं. १९९८ साली, आमच्या स्वतःच्या घराला, तेव्हा मी नोकरीत होतो, ओव्हरसियर होतो, मला कुणी शिकवायची गरज नव्हती असं मला वाटायचं. मिस्त्रीही असंच म्हणाला होता. पाचव्या पावसाळ्यात प्लास्टर ढोलासारखं वाजायला लागलं, सातव्यात पाटासारखे तुकडे पडले आणि पडताना सोबत भिंतीची दोन इंच माती घेऊन पडले. आधी निस्ता पोपडा होता, नंतर खड्डे झाले.

कारण साधं आहे. दगड-मातीची, विटा-चुन्याची भिंत जमिनीतून पाणी ओढते आणि अंगावरून वाळवून टाकते. सिमेंटनं तिचं अंग बंद केलं की पाणी आतच राहतं, वर चढतं, सोबत खार आणतं, तो खार प्लास्टरच्या मागं फुगतो. म्हणून आधी ओल कुठून येतेय ते बघा. दहापैकी सात ठिकाणी कारण भिंतीत नसतंच, पन्हाळ तुटलेली असते, अंगणाचा उतार वाड्याकडं झालेला असतो, नाहीतर रस्ता करताना गावानं मुरूम टाकून टाकून रस्ता जोत्याच्या वर आणून ठेवलेला असतो. तुमच्या पैठणात हे शेवटचं असणार, मी गल्ल्या बघितल्यात.

ते मिटलं की मग चुन्याचा गिलावा. पूर्वी गावोगाव चुन्याची घाणी असायची, दगडी चाक बैल फिरवायचे, अजून कुठं कुठं त्याचा गोल चर दिसतो. चुना भिजवून मुरू द्यायचा, वाळूसोबत मळायचा, त्यात गूळ, बेलफळ, हिरडा यांचं पाणी घालायची पद्धत होती. वेळखाऊ काम आहे, पातळ पातळ हात द्यावे लागतात, गुत्तेदाराला म्हणूनच नको असतं. टिकतं का विचाराल तर संभाजीनगरला जाऊन बिबीचा मकबरा बघा. सगळा संगमरवर वाटतो, पण वरचा बराचसा भाग काळा दगड आणि त्यावर चुन्याचा गिलावा आहे, साडेतीनशे वर्षं होऊन गेली. आणि तुमच्या गावातलं नाथमंदिर म्हणजे एकनाथांचा राहता वाडाच की, तिथं पूजेअर्चेला रोज माणूस असतो, गळती लागली तर त्याच दिवशी कुणाच्या तरी डोक्यावर पडते. तुमच्या वाड्यात किती दिवसांनी कळतं?

'तुमच्या लेखात शिंपल्यांच्या खिडक्या लिहिलंय ते काय असतं, आम्हाला बसवता येतील का?' (जालना)

गोव्यात जुन्या काळी काच महाग आणि लांबून यायची, म्हणून एक चपटा पातळ शिंपला घासून चौकोनी कापायचे आणि लाकडी पट्ट्यांत सरकवून खिडक्या करायचे. उजेड येतो, दुधासारखा मऊ, पण आतलं बाहेरच्याला दिसत नाही. जालन्यात कशाला बसवता, आपल्या उन्हाला आपल्या माणसांनी वेगळीच युक्ती काढलेली, भिंत जाड, खिडकी बारकी आणि माळवदाला उजेडासाठी सानं, म्हणजे झरोका. ते सानं तुम्ही फरशी टाकून बुजवलं असेल तर आधी ते उघडा आणि वर काच बसवा.

'नांदेड जिल्हा. वाडा आम्हा तीन भावांच्या नावावर आहे, दुरुस्ती करून पुढं ट्रस्ट करायचा विचार आहे. दोघी बहिणींची लग्नं होऊन पंचवीस वर्षं झाली, त्यांची सही घ्यावी लागेल का? त्या काही मागत नाहीत.'

मागत नाहीत म्हणजे सोडलाय असं नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच, जन्मापासून, लग्न कधी झालं याचा संबंध नाही, आणि २०२० ला सुप्रीम कोर्टानं ते आणखी स्पष्ट केलं. पूर्वी कायद्यात एक कलम होतं, राहत्या घराची वाटणी बहिणीला मागता यायची नाही, भाऊ वाटणी करतील तेव्हाच तिला हिस्सा, तेही २००५ ला काढून टाकलं. म्हणजे तुमच्या वडिलांच्या काळी जे चालायचं ते आता चालत नाही. जुनी वाटणी आधीच रजिस्टर झालेली असेल तर गोष्ट वेगळी, ते कागद बघून वकीलच सांगेल.

गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी कायद्यापासून चालत आलंय, मुलगा-मुलगी सारखे, आणि मृत्युपत्रानं निम्म्याच मालमत्तेचं मनासारखं करता येतं, उरलेली निम्मी पोरांचीच. ऐकायला न्यायाचं आहे, पण त्यापायी तिथं कितीतरी घरं कुलपात आहेत, वीस-तीस हिस्सेदार, निम्मे परदेशात, कौल बदलायला सुद्धा सह्या जमत नाहीत. कायदा चांगला असला तरी घर वाचेलच असं नाही, म्हणून बोलणी माणसं जिवंत आहेत तोवर करा. भाऊबीजेला दोघी येतीलच, ओवाळणी झाल्यावर नका काढू विषय, दुसऱ्या दिवशी चौकात बसून सगळ्यांनी मिळून काढा. आणि ट्रस्ट करायचा तर कुटुंबापुरता खाजगी की सार्वजनिक हे आधी ठरवा, सार्वजनिक केला की विक्रीला, मोठ्या व्यवहाराला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, मग मागं फिरता येत नाही. बहिणींना ट्रस्टी करा. माझ्या अनुभवात वाड्याचं कुलूप वर्षातून दोनदा कोण उघडतं, तर माहेरी आलेली बहीण.

'आमच्या गावात देशमुखांची गढी आहे, मालक कधीच गेले. लोक ट्रॅक्टर लावून तिची पांढरी माती माळवदासाठी नेतात. आम्ही पोरांनी अडवलं तर म्हणतात बापजाद्यापासून नेतो. काय करावं?' (परभणी)

बापजादे पाटीत नेत होते, ट्रॅक्टरनं नाही. पांढरी माती माळवदाला चांगली हे खरंय, चिकटून बसते, पाणी लवकर सोडत नाही, म्हणून गावोगावच्या गढ्या अशाच खालून पोखरल्या गेल्या. दोन कामं करा. तलाठ्याकडून सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा काढून गढी कुणाच्या नावावर आहे ते बघा, सरकारी किंवा गावठाणाची निघाली तर ग्रामसभेत ठराव घ्या. आणि बुरुजाच्या बुडाशी जिथं खणलंय तिथं आता कपार झालीय ना, फोटोत दिसतेय, तिथं दुपारी शेळ्या घेऊन सावलीला बसणाऱ्या पोरांना आधी उठवा. पहिल्या मोठ्या पावसात ती कपार खाली येणार.